मस्कोव्ही नर आणि खाकी कॅम्पबेल माद्या: यांची पिल्लं पुढं अंडी देतील का?

तुम्ही पैठणकडचे. शेततळ्यावर खाकी कॅम्पबेल बदकांच्या दहाएक माद्या आहेत, आता पांढरा मस्कोव्ही बदक-नर आणलाय. दोघांच्या संकरातून अंगानं मोठी आणि अंड्यालाही चांगली अशी स्वतःची जात उभी करता येईल का, असं विचारलंय. पिल्लं निघतील, वजनही चांगलं धरतील, पण जात उभी राहणार नाही. ही पिल्लं वांझ असतात.

खाकी कॅम्पबेल, पेकिन, इंडियन रनर या सगळ्यांचं मूळ एकच, मॅलार्ड हे रानबदक. त्यांचा आपसांत कसाही संकर करा, पुढच्या पिढ्या चालू राहतात. खाकी कॅम्पबेलच मुळात रनर, रुआँ आणि मॅलार्ड यांच्या संकरातून इंग्लंडमध्ये तयार झाली. मस्कोव्ही मात्र मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, अगदी वेगळ्या वंशाचा. दोघांच्या गुणसूत्रांची संख्या जवळपास सारखीच आहे, अडचण रचनेची आहे. संकरित पक्ष्यात शुक्राणू किंवा अंडपेशी बनताना जोड्या नीट जुळत नाहीत आणि काम अर्ध्यावर थांबतं. घोडी आणि गाढवाच्या खेचरासारखंच हे, म्हणून इंग्रजीतही या बदकाला ‘म्यूल डक’ म्हणतात. संकरित नर माद्यांवर चढतो, त्यावरून फसू नका, त्याच्यापासून पिल्लू होत नाही. संकरित मादी सहसा अंडीच देत नाही. उलटा संकर, म्हणजे खाकी नर आणि मस्कोव्ही मादी, केला तर त्यातल्या माद्या लहान अंडी देतात, पण त्यांतून काही निघत नाही. शिवाय त्या अंगानंही लहान राहतात.

तरी मांसासाठी हा संकर करण्यासारखा आहे. तैवान आणि फ्रान्समध्ये तो मोठ्या प्रमाणावर होतो, पण तिथं कृत्रिम रेतन वापरतात, कारण नैसर्गिक मीलनात बरीच अंडी फोल जातात. तुम्हाला नैसर्गिकच करायचं तर एका नरामागं तीन-चार माद्या, जास्त नकोत. नर लहानपणापासून खाकी माद्यांतच वाढलेला हवा आणि जवळ मस्कोव्ही मादी नको. मोठेपणी आणून सोडलेला नर बऱ्याचदा या माद्यांकडं ढुंकूनही बघत नाही. वयाचाही मेळ घाला: खाकी पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते, मस्कोव्ही नराला सात महिने लागतात. चार-पाच किलोचा नर दोन किलोच्या मादीवर चढतो, तेव्हा पाठ आणि मान सोललेली दिसली की ती मादी बाजूला काढा. खरं तर यासाठी पेकिन मादी बरी, अंगानं दणकट असते.

कळपात आधी खाकी नर असेल तर तो काढल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका. मादीच्या पोटात जुने शुक्राणू टिकून असतात.

सगळ्यात जास्त नुकसान उबवणीत होतं. खाकीची पिल्लं २८ दिवसांत निघतात, मस्कोव्हीची ३५, आणि या संकराची ३१-३२ दिवसांत. एकोणतिसाव्या दिवशी ‘मेली’ म्हणून अंडी उकिरड्यावर टाकणारे कमी नाहीत. उलट २८ व्या दिवशीच टोच पडली तर समजा, ते पिल्लू शुद्ध खाकीचं. मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश आणि आर्द्रता ६०-६५ टक्के ठेवा. आठव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघून फोल अंडी काढा. २८ व्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद करून आर्द्रता ७५ च्या पुढं न्या. आर्द्रता कमी पडली तर पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतं. खुडूक कोंबडीखाली ठेवणार असाल तर आठ-दहाच अंडी ठेवा. कोंबडीला २१ दिवसांची सवय, ती शेवटच्या आठवड्यात उठून जाऊ शकते. बॅच ऑक्टोबर ते फेब्रुवारीत लावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नर थंडावतो आणि ठेवलेली अंडी मशीनमध्ये जाण्याआधीच अर्धवट वाढून खराब होतात. अंडी सात दिवसांच्या आत लावा, तोवर ओलं पोतं गुंडाळलेल्या रांजणात ठेवा.

निघालेली पिल्लं दहा-बारा आठवड्यांत विकून टाका. त्यापुढं खाद्य खातात, वजन तेवढं वाढत नाही. बदकाच्या मांसाला आपल्या भागात गिऱ्हाईक मोजकंच, ते आधी हेरा, मग अंडी लावा.

अंड्यासाठी मात्र खाकीचाच नर, बाहेरून आणलेला आणि नात्यातला नसलेला, पाच-सहा माद्यांमागं एक असा ठेवा. मस्कोव्हीला जाळी मारून वेगळं करा. आणि खाकी नराला नाथसागराच्या पाण्यात मोकळं सोडू नका: तिथल्या हळदी-कुंकू बदकाशी त्याचा संकर होऊ शकतो, आणि ती पिल्लं वांझ नसतात, म्हणजे पाळीव रक्त रानात कायमचं शिरतं.