काटा सुधारला, आवाज मात्र खोल गेला

प्रश्न : मी परवानाधारक हौशी रेडिओचालक असून खानापूर तालुक्यात राहतो. गच्चीवरील खांबावर १४५ मेगाहर्ट्झची अँटेना असून तेथून २५ वॅटच्या संचापर्यंत आरजी-५८ जातीची २० मीटर केबल ओढली आहे. वरच्या जोडाला साधी काळी टेप गुंडाळली होती. उन्हाळ्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) १.६ येत असे, पाऊस लागल्यापासून तो १.२ येतो, तरीही बेळगावचे मित्र आवाज खोल गेल्याची तक्रार करतात. संच बिघडला असेल काय? — एक वाचक, खानापूर

उत्तर : संच उघडण्याची घाई करू नये, ही लक्षणे केबलमध्ये पाणी शिरल्याची आहेत. मीटर संचाजवळ असल्यामुळे अँटेनाकडून परतलेली जेवढी शक्ती खालपर्यंत पोहोचते, तेवढीच त्याला कळते, आणि ओली केबल ती शक्ती जाताना व येताना अशी दोन्ही वेळा गिळत असल्याने काटा सुधारल्याचा भास होतो. आपली केबल कोरडी असतानाही सुमारे ४ डेसिबल घट करते, म्हणजे २५ पैकी जेमतेम १० वॅट वर पोहोचतात. अशा केबलचे वरचे टोक अँटेनापासून पूर्ण सोडवले, म्हणजे सगळी शक्ती परत फिरू लागली, तरी खालचा मीटर २.३ च्या आसपासच थांबेल!

वरचा कनेक्टर कापून केबलचे वीतभर आवरण सोलून पाहावे. आतील तांब्याची जाळी काळवंडलेली किंवा हिरवट दिसली, तर पाणी जाळीतून बरेच खाली ओढले गेले आहे असे समजून केबल बदलावी. तुकडा कापून भागवणे ही काटकसर नव्हे. नवी केबल आरजी-२१३ घ्यावी. तेवढ्याच लांबीत तिची घट २ डेसिबलच्या आत राहते. डिश टीव्हीची केबल कोणत्याही दुकानात मिळते, परंतु ती ७५ ओहमची असते आणि आपल्याला ५० ओहमची हवी.

केबलच्या टोकाला बसवतात तो पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नसतो. डाख देताना दणकट सोल्डरिंग आयर्न वापरून काम चटकन उरकावे, कारण उष्णता रेंगाळली की मधले पांढरे प्लॅस्टिक मऊ होऊन गाभ्याची तार सरकते. जाळीचा एखादा केसही गाभ्याला टेकलेला नाही, हे मल्टिमीटरने तपासावे. अर्थात त्या वेळी दोन्ही टोके मोकळी हवीत. त्यानंतर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळत न्यावी, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा थर खालच्यावर येतो. तिच्यावर उन्हापासून रक्षणासाठी काळी टेप लावावी. ओल्या जोडावर टेप लावणे म्हणजे पाणी आत कोंडणे होय, त्यामुळे हे काम मृगाआधी उरकलेले उत्तम. आता मात्र चांगली उघडीप पाहूनच वर चढावे. केबलचा भार खांबावर बांधावा, कनेक्टरवर लोंबू देऊ नये, आणि ती घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच ठिबकेल. वळवाच्या विजांसाठी खांबाला अर्थिंग हवेच.

नव्या केबलवर एसडब्ल्यूआर २ च्या वर गेला, तर दचकू नये. जुन्या केबलवरील १.६ चा हिशेब केला, तर अँटेनापाशी तो ३.५ च्या पुढेच असावा; तेव्हा केबल बदलल्यावर अँटेनाच्या दांड्यांची लांबी थोडी थोडी बदलून तो १.५ च्या खाली आणावा.