अर्थ शोधण्याची घाई करू नका

चाळिशीत लुईस कॅरल यांची ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ ही मुलांसाठीची इंग्रजी कादंबरी हाती घेतली आणि तिसऱ्या प्रकरणातच हे पोरकट वाटू लागले, असे तुम्ही लिहिले आहे. पुस्तक मुळीच सोडू नका.

बहुतेक प्रौढ वाचक पहिली चूक हीच करतात, की प्रत्येक प्राण्यामागे रूपक शोधतात आणि ते सापडले नाही म्हणून खट्टू होतात. ‘अडगुलं मडगुलं’ म्हणताना आपण कधी अर्थ विचारला होता का? तोच कान येथे लावा आणि मोठ्याने वाचा, कारण या कथांची निम्मी गंमत नादात आणि शब्दांच्या कोट्यांत असते. पुस्तकात बाराच प्रकरणे आहेत. रोज एक पुरे. एका बैठकीत संपवू पाहणारा थकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी चूक म्हणजे टीपांनी भरलेल्या आवृत्तीपासून सुरुवात करणे. १८६५ साली हे पुस्तक आले तेव्हा इंग्रज मुलांना पाठ असलेल्या उपदेशपर कवितांचे त्यात विडंबन आहे, एवढे ठाऊक असले तरी सध्या भागते. मात्र जॉन टेनिएल यांची चित्रे असलेलीच प्रत घ्या. याबाबत मी आग्रही आहे.

इंग्रजी जड गेल्यास आधी विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ हा गमतीदार बालकवितांचा संग्रह वाचा. आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभागाच्या कपाटापाशी जाण्यास संकोचू नका. मी आजही तेथूनच पुस्तके निवडतो.