इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्म निवडताना

ताई, मुलगी इयर इलेव्हनला (आपली साधारण दहावी) आहे ना, मग सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीच्या, ओपन इव्हनिंगच्या (संध्याकाळी शाळा-कॉलेज बघायला बोलावतात त्या) तारखा आत्ताच टिपून ठेवा. बहुतेक ठिकाणी त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच असतात. अर्ज एकाहून अधिक कॉलेजांना करता येतो, तेव्हा एकावर विसंबून राहू नका.

निकालांचे तक्ते बघा, पण आधी विषय बघा. ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेला, साधारण तीनच विषय असतात, आपल्या बारावीसारखे सहा नाहीत. एखादा गरजेचा विषय सुटला की पुढची वाट अडते. मेडिकलला जायचं असेल तर केमिस्ट्री बहुतेक ठिकाणी लागते, बायोलॉजीही बऱ्याच ठिकाणी. गणिताची ओढ असेल तर फर्दर मॅथ्स (गणिताचा जादा, वरच्या पातळीचा विषय) आहे का, आणि पुरेशी मुलं नसली तरी तो वर्ग चालवतात का, हे स्पष्ट विचारा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माहितीपत्रकात विषय असतो, पण मुलं कमी भरली की लहान शाळेत तो रद्द होऊ शकतो.

तिथल्या विद्यार्थ्यांशी लेकीला एकटीला बोलू द्या.

आणि हो, प्रवेशाची ऑफर जीसीएसईच्या (इयर इलेव्हनच्या शेवटच्या परीक्षेच्या) ग्रेडवर अवलंबून असते. निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात लागतो आणि प्रवेश लगेच पक्का करावा लागतो, म्हणून भारताची तिकिटं त्याआधी परत येण्याच्या बेताने काढा.