घोडी लंगडलीच नाही, मग बर्फाचा खर्च फुकट गेला का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मागच्या महिन्यात माझी घोडी रात्री दावं सोडवून ज्वारीच्या पोत्याला लागली, सात-आठ किलो तरी खाल्ली असेल. सकाळी डॉक्टरांनी नळीने औषध पाजलं, इंजेक्शनं दिली आणि सांगितलं पाय दोन-तीन दिवस बर्फात ठेवा, लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह) होऊ शकतो. घोडी चांगली चालत होती तरी मी बर्फ केला. लंगडली नाही. आता नाना म्हणतात काही झालंच नव्हतं, "तिले फिरावाले पाहिजे व्हतं, रगत मोकयं व्हतं." बर्फाने रक्त उलट आखडत नाही का? – एक वाचक, शहादा तालुका

उत्तर : भाऊ, तुम्ही अगदी बरोबर केलं, एक रुपया फुकट गेला नाही. सगळ्याच घोड्यांना असं खाल्ल्यावर लॅमिनायटिस होतो असं नाही, पण कोणाला होणार ते लंगडल्यावरच कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

एवढी चंदी, म्हणजे दाणा, एकदम पोटात गेली की तिच्यातला स्टार्च लहान आतड्यात पूर्ण पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन सडतो, तिथे आम्ल वाढतं, आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषारी पदार्थ रक्तात उतरतात. घोडी बाहेरून ठीक दिसते, पण खुरात दाह सुरू झालेला असतो. पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून खुराच्या आतल्या नाजूक पापुद्र्यांत शिरतात. खुराच्या आतलं हाड याच पापुद्र्यांनी भिंतीला धरलेलं असतं, साधारण साडेपाचशे-सहाशे मुख्य पापुद्रे आणि प्रत्येकाला पुन्हा शे-दोनशे बारीक. लंगडणं बहुतेकदा एक-दोन दिवसांनी दिसतं.

आता रक्ताचं. नानांना वाटतं रक्त कमी पडतं, पण अशा केसमध्ये सुरुवातीला शिराच आवळतात, म्हणजे धमनीतून रक्त येतंय पण परत जायची वाट अरुंद, मग बारीक वाहिन्यांत दाब वाढतो, पाणी झिरपून सूज येते आणि खूर पडला कडक डबा, सुजायला जागाच नाही, आतलं आतच दाबलं जातं. खुराच्या वरच्या सांध्याच्या गाठीमागे दोन्ही बाजूला दोन बोटं हलकी टेकवून बघा, निरोगी घोड्यात नाडी जेमतेम लागते, बिघडलं की ठणठण उडते आणि खूर गरम लागतो. घोडी धडधाकट असताना रोज बघत जा म्हणजे फरक बोटांना कळेल.

थंडीने रक्त थोडं आखडतं हे खरं, पण त्याबरोबर दाह आणि पापुद्रे तोडणारी एन्झाइम्स पण मंदावतात, हा फायदा मोठा. मात्र सलग हवं, ४८ ते ७२ तास, रात्रीसुद्धा, बर्फ-पाण्यात खुरापासून पायाच्या नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मध्यापर्यंत. अर्धा तास ठेवून काढलं तर उपयोग नाही.

आणि फिरवणं अजिबात नको. पापुद्रे सैल झालेले असताना प्रत्येक पावलाला हाड भिंतीपासून सुटत जातं. नानांना माझ्याकडून हात जोडून एवढं सांगा. मऊ जागेवर उभी ठेवायची, बसली तर बसू द्यायची, चंदी बंद, फक्त वाळलेला चारा. पोत्याच्या खोलीला कडी लावलीत ना?