मज्जा नसलेला मज्जातंतू

शरीरशास्त्राचा मजकूर मराठीत आणताना पडणारा प्रश्न असा: 'नर्व्ह'ला मज्जातंतू म्हटलं, तर तिच्या आतल्या एकेका धाग्याला, 'नर्व्ह फायबर'ला, काय म्हणायचं? आणि मज्जा तर हाडात असते, ती इथे कुठून आली?

मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ, स्निग्ध गर, आयुर्वेदातल्या सप्तधातूंपैकी एक. पाठीच्या कण्यातला रज्जूही हाडांच्या आत आणि मऊ, म्हणून मज्जारज्जू. लॅटिन 'मेड्युला' आणि ग्रीक 'मायलॉस' हे शब्दही असेच हाडातला गर आणि कण्यातला रज्जू या दोन्हींसाठी चालतात. तंतूभोवतीच्या स्निग्ध वेष्टनाला जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५४ मध्ये 'मायलिन' म्हटलं, ते या मायलॉसवरूनच.

आता नर्व्ह. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी अल्नार नर्व्ह आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर ती तंतू नाही, मोळी आहे. बाहेर एपिन्युरियमचं जाड आवरण, त्यात चरबी आणि रक्तवाहिन्या. आत तंतूंच्या जुड्या, प्रत्येक जुडीभोवती चपट्या पेशींच्या थरांचं पेरिन्युरियम. जुडीतल्या एकेका तंतूभोवती नाजूक एंडोन्युरियम. मोळीला काडीचं नाव देऊन कसं चालेल?

हा शब्दच्छल नाही. तंतू तुटले पण आवरणं शाबूत राहिली, तर तंतू जुन्याच वाटेने दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. अख्खी नर्व्ह तुटली तर टोकं शिवावी लागतात. 'मज्जातंतू तुटला' या वाक्यातून यातलं काय झालं ते कळत नाही.

सूक्ष्मदर्शकासाठी नेहमीच्या पद्धतीने मेणात बसवलेल्या नमुन्यातलं मायलिन अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून जातं. मग अक्षतंतूभोवती (अ‍ॅक्सॉन, तंतूचा मधला संदेश नेणारा धागा) फिकट कडं उरतं आणि मराठी टिपणात त्याला 'पोकळी' म्हटलं जातं. ती पोकळी नाही, धुतलं गेलेलं मायलिन आहे. ऑस्मियम टेट्रॉक्साइड हे स्निग्ध पदार्थ धरून ठेवणारं रसायन वापरलं की तेच कडं काळंभोर दिसतं.

खरी पंचाईत पुढे. ठसठसणारं दुखणं नेणारे बारीक तंतू मायलिनविना असतात. एकच श्वान पेशी (Schwann, तंतूंना वेढणारी आधारपेशी) असे अनेक अक्षतंतू आपल्या खाचांत धरून ठेवते. संदेशाचा वेग सेकंदाला फार तर २ मीटर. मायलिन असलेल्या जाड तंतूंत तो १२० पर्यंत जातो. या बारीक तंतूंना काय म्हणणार, 'अमज्जित मज्जातंतू'?

म्हणून माझा कौल: नर्व्ह म्हणजे चेता, फायबर म्हणजे चेतातंतू. पाठ्यपुस्तकांत चेतापेशी, चेतासंस्था रुळलेले आहेतच. मायलिनला मायलिनच राहू द्यावं, मज्जा हाडाला पुरे.

रुग्णासाठीच्या मजकुरात 'नस' चालेल, पण जपून. मानेत दबते ती नस म्हणजे चेता. सलाईन लावताना सापडत नाही ती नस म्हणजे शीर. एकाच पत्रकात दोन्ही आल्या तर शिरेला शीरच म्हणावं. आणि हिंदीवरून भाषांतर करत असाल तर 'स्नायु' शब्दापाशी थांबा. तिकडे 'स्नायु तंत्र' म्हणजे चेतासंस्था, आपल्याकडे स्नायू म्हणजे दंडात फुगतो तो.