अपडेट झालं आणि आतलं एक्सपी उठेना

प्रश्न : मिरजेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं अशी कामं. जुन्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉण्टात आहेत. त्या उघडायला उबुंटू २४.०४ (लिनक्स) वर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) टाकून त्यात विंडोज एक्सपी चालवतो. परवा उबुंटूचं अपडेट आलं, मी हो म्हटलं. तेव्हापासून एक्सपी सुरूच होत नाही. ‘व्हर्च्युअलबॉक्स कान्ट ऑपरेट इन व्हीएमएक्स रूट मोड’ असा संदेश येतो. पुढे केव्हीएम बंद करा, कर्नल पुन्हा कंपाइल करा, असं काहीतरी आहे. शेवटी ‘व्हीईआरआर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड’. भाचा आयटीत आहे. तो म्हणतो, मशीन काढून टाक, नवीन बनवू. ऐन लग्नसराईत हे झालंय. काय करू?
— एक डीटीपीवाले, मिरज

उत्तर : संदेश अक्षरन् अक्षर उतरवून पाठवलात, त्याबद्दल आधी आभार. ‘एरर येतोय’ एवढंच लिहिलेली पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात आणि त्यांवर मला अंगाऱ्या-धुपाऱ्याखेरीज काही सुचवता येत नाही. तुमच्या संदेशातच रोगाचं नाव आहे.

भाच्याला चहा पाजा, पण माउसला हात लावू देऊ नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनवर उजवं क्लिक करून ‘रिमूव्ह’ म्हटलं की ‘डिलीट ऑल फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह ओन्ली’ असे पर्याय समोर येतात. घाईत पहिला दाबला गेला की पेजमेकर, फॉण्ट आणि फाइली, सगळ्यांचं एकदम विसर्जन. तुमचं एक्सपी बिघडलेलंच नाही. त्याची अख्खी हार्ड डिस्क म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स’ या फोल्डरातली व्हीडीआय प्रकारची एक मोठी फाइल असते. अपडेटने तिला हातही लावलेला नाही. तरी काही करण्याआधी मशीनचा तो पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.

आता पत्रिका अडल्या आहेत, तर आजचं काम आधी सुरू करू. उबुंटू नवा कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा) टाकतं तेव्हा आधीचा कर्नल ठेवतं. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदा दाबा, म्हणजे कर्नल निवडायची ग्रबची यादी येईल. एकदाच हं, धडाधडा दाबलंत तर काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ असं लिहून ते तुमच्याच तोंडाकडे बघत बसेल. जुन्या बायोसच्या मशीनवर एस्केपऐवजी शिफ्ट धरून ठेवायचं. यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ निवडा. आत बहुधा ६.१४ आणि ६.११ असे आकडे दिसतील. ६.११ ची ओळ निवडा, पण कंसात ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली नको. एक्सपी उठेल. पत्रिका छापा, मग पुढचं वाचा.

झालंय ते असं. प्रोसेसरमध्ये दुसरं मशीन चालवण्याची एक खास सोय असते, इंटेलवाले तिला व्हीटी-एक्स म्हणतात. एका वेळी तिचा ताबा एकाच प्रोग्रामकडे राहू शकतो. लिनक्सचा स्वतःचा असाच एक भाग आहे, केव्हीएम. तुम्ही तो कधी वापरला नसेल, तरी प्रोसेसरमध्ये सोय दिसली की तो सुरुवातीलाच आपोआप लोड होतो. पूर्वी तो नुसता बसून राहायचा, कुणी केव्हीएमवर मशीन सुरू केलं तरच ताबा घ्यायचा. कर्नल ६.१२ पासून रीत बदलली आणि लोड होतानाच तो ताबा घेऊ लागला, म्हणजे पहिलं मशीन लवकर उठावं. हेतू चांगला. पण एका म्यानात दोन तलवारी, आणि तुमचा व्हर्च्युअलबॉक्स नेहमी उशिरा येणारा. ६.११ वर चालतं आणि ६.१४ वर नाही, त्याचं कारण हे. संदेशात कर्नल कंपाइल करा म्हटलंय ते सोडून द्या. त्याची काही गरज नाही.

नव्या कर्नलवर येऊन आधी खात्री करा. टर्मिनल उघडून ‘सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ ही आज्ञा द्या (अर्थात इंग्रजी लिपीत, सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने, एएमडीचा प्रोसेसर असेल तर शेवटी केव्हीएम_एएमडी). काही न बोलता पुढची ओळ आली म्हणजे झालं. आता एक्सपी सुरू करा. उठलं तर निदान पक्कं. हा उपाय मात्र पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकतो.

कायमचं करायला ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधली ‘ग्रब’ नावाची फाइल सुडो लावून उघडा. ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ने सुरू होणारी ओळ शोधा. अवतरणचिन्हांत ‘क्वाएट स्प्लॅश’ असेल. स्प्लॅशनंतर एक जागा सोडून, पण अवतरणाच्या आतच, ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०’ लिहा. सगळी अक्षरं इंग्रजीत आणि लहान लिपीत, शून्य म्हणजे आकडा, मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. फाइल सेव्ह करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या आणि रीस्टार्ट करा. केव्हीएम आता पूर्वीसारखं गरज पडली तरच ताबा घेईल. काही जण केव्हीएमला काळ्या यादीत टाकायला, म्हणजे लोडच होऊ न द्यायला, सांगतात. मला ते पटत नाही, कारण उद्या भाच्याने अँड्रॉइडचा एम्युलेटर चालवायला घेतला की तो अडेल. दोन्ही एकाच वेळी चालवू नका, एवढंच पथ्य.

संदेशात याऐवजी ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ आणि उणे १९०८ असा आकडा आला असता तर दुखणं वेगळं होतं. व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. एरवी डीकेएमएस नावाचा प्रोग्राम ते काम गुपचूप करतो, पण त्या कर्नलची हेडर्स (बांधकामाला लागणाऱ्या फाइली) नसली तर बांधकाम होत नाही. आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर बांधलेला ड्रायव्हर सहीशिवाय आत घेतला जात नाही. त्या सहीची नोंद करायला अपडेटच्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबून ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि तोच पासवर्ड, असं जावं लागतं. बरेच जण त्या निळ्या पडद्याला विंडोजचं काही आहे समजून जाऊ देतात आणि मग ड्रायव्हर का चढत नाही म्हणून डोकं धरून बसतात. पडदा निसटला असेल तर ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ दिल्यावर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा येतो.

जाता जाता: मोठं अपडेट घेण्याआधी एक्सपी ‘शट डाउन’ करून बंद करत जा, ‘सेव्ह स्टेट’ करून नको. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती बदलली की अर्धवट झोपवलेलं मशीन कधी कधी जागं होत नाही. मग ‘डिस्कार्ड’ करावं लागतं, म्हणजे चालू कॉम्प्युटरची वायर उपटल्यासारखंच. आणि एक्सपीला इंटरनेट देऊ नका. ८ एप्रिल २०१४ला त्याचा आधार संपला. सेटिंगमध्ये नेटवर्क अडॅप्टर बंद ठेवा, तयार पीडीएफ शेअर्ड फोल्डरमधून बाहेर घ्या.

प्रश्न : मुलगी इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स टाकलं होतं, छान चालायचं. विंडोज ११ वर आल्यापासून ते गोगलगाईसारखं चालतं. खाली हिरवं कासवही दिसतं. हा व्हायरस आहे का?
— एक पालक, फोंडा, गोवा

उत्तर : व्हायरस नाही. कासव व्हर्च्युअलबॉक्सनेच ठेवलंय, खरं सांगण्यासाठी. दुसरं मशीन चालवण्याच्या प्रोसेसरच्या सोयीचा ताबा इथे हायपर-व्ही या विंडोजच्याच भागाने घेतलाय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढा. तरी कासव जात नसेल तर विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’खाली ‘मेमरी इंटिग्रिटी’ असते. ती बंद करावी लागेल, पण ती सुरक्षेसाठीच आहे, म्हणून लगेच बंद करा असं मी म्हणणार नाही. मुलीला आधी विचारा, डॉकर किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वापरते का. वापरत असेल तर या खुणा काढल्यावर तेच बंद पडेल आणि तुम्हाला घरी बोलणी खावी लागतील. तसं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स सोडून प्रॅक्टिकल डब्ल्यूएसएलमध्येच करता येतं का, ते सरांना विचारू दे. नुसते कमांड आणि सी प्रोग्राम असतील तर बहुतेक येईल.

प्रश्न : जुना इंटेलचा मॅक देऊन एम मालिकेचा घेतला. व्हर्च्युअलबॉक्सही नवा टाकला. जुन्या मॅकवरचं विंडोज ७ चं मशीन कॉपी केलं, पण सुरू होत नाही.
— एक वाचक, लंडन

उत्तर : होणारही नाही. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून ॲपलच्या नव्या चिपवर चालतो, पण त्यात फक्त एआरएमची, म्हणजे त्या चिपच्याच जातीची, मशीनं चालतात. तुमचं विंडोज ७ इंटेलच्या भाषेतलं आहे. यूटीएम नावाचा फुकट प्रोग्राम त्याची नक्कल करून चालवू शकतो, पण पानं उलटायला वेळ लागेल. एखादी जुनी फाइल काढून घेण्यापुरतं ठीक. रोजचं काम असेल तर शंभरेक पौंडांत मिळणारा जुना इंटेलचा लॅपटॉप बघा आणि व्हीडीआय त्यावर हलवा.