जुन्या मोटोक्रॉस गाड्यांच्या शर्यतीत टिकेल अशी गाडी कोणती घ्यावी?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पाचोऱ्याचे, वय एकेचाळीस, इथे मातीवर यामाहा आरएक्स १०० पळवता. चुलतभाऊ इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आहे. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही काही महिने तिकडे असणार, तेव्हा दोघांत मिळून एक जुनी मोटोक्रॉस (मातीच्या खडबडीत मैदानावर उड्या मारत पळायची) गाडी घेऊन तिथल्या क्लासिक शर्यतींत उतरायचं आहे. ब्रिटिश बीएसए, चेक सीझेड, स्वीडिश हस्कवर्ना, जर्मन मायको, होंडा, सुझुकी अशी यादी देऊन तुम्ही विचारलंय की यातली स्पर्धेत टिकेल अशी कोणती.

मी जळगावचा. बर्मिंगहॅमकडे एका मशीनशॉपमध्ये काही वर्षं नोकरी केली, आणि तिथले बरेचसे रविवार असल्याच गाड्या खोलण्या-बांधण्यात गेले. सरळ उत्तर आधी देतो: १९७३च्या सुमाराची सीझेड २५०. चांगली मिळाली नाही तर त्याच काळातली हस्कवर्ना २५०. मायको ४९०चा विषय सध्या बाजूला ठेवा. आता कारणं.

तिथे नुसती ‘जुनी गाडी’ म्हणून कोणी तुम्हाला रांगेत उभं करत नाही. वर्ग पाडलेले असतात. प्री-६५ म्हणजे १९६५च्या आधीच्या धाटणीच्या गाड्या, त्यात ब्रिटिश फोर-स्ट्रोकचा भरणा. मग प्री-६८, प्री-७४. त्यानंतर ट्विनशॉक: मागे दोन शॉकअप, एअरकूल्ड इंजिन, ड्रम ब्रेक. आणि इव्हो, ज्यात मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप, चालतो पण जोडदांड्यांच्या लिंकेजवर बसवलेला नाही, डिस्क ब्रेक नाही, पाण्याचं कूलिंग नाही. क्लबागणिक नियमांत थोडाफार फरक असतो. म्हणून गाडी आधी आणि वर्ग नंतर हा क्रम उलटा. वर्ग आधी ठरवायचा, मग त्या वर्गात चालणारी सगळ्यात शेवटच्या वर्षांची गाडी शोधायची. प्री-७४मध्ये १९६९ची गाडी घेऊन उतरलात तर समोरच्याला तुम्ही चार-पाच वर्षांची सुधारणा फुकटात दिली. तिथले मुरलेले लोक गाडी अशीच निवडतात, वर्गाच्या अगदी कडेवरची.

तुमच्यासाठी मी प्री-७४ हाच वर्ग धरतोय. ही ७४ची रेघ कुठून आली ते समजून घ्या, कारण तुमच्या गुडघ्यांचा प्रश्न तिथेच आहे. तोपर्यंत मोटोक्रॉस गाडीचं मागचं चाक जेमतेम चार इंच वर-खाली व्हायचं, पुढचं सात इंचांपर्यंत. लुसिएं टिल्केन्स नावाच्या बेल्जियन इंजिनिअरची एका शॉकअपची कल्पना यामाहाने उचलली, आणि १९७३ला हाकान आंदरसन त्या गाडीवर २५० सीसीचा जगज्जेता झाला. मग सगळ्यांचीच धावपळ उडाली. कोणी शॉकअप पुढे सरकवले, कोणी आडवे पाडले, आणि १९८०-८१पर्यंत मागच्या चाकाची चाल फूटभरावर गेली. त्यामुळे कागदावर ७४ आणि ७६ दोनच वर्षांनी वेगळ्या दिसतात, पण चालवायला त्या वेगळ्याच जातीच्या गाड्या आहेत.

तुम्हाला वाटेल, मग जास्त चालीची ट्विनशॉकच का नको, वय एकेचाळीस आहे, कंबर वाचेल. अर्धं खरं आहे. उडी मारून खाली आल्यावर ट्विनशॉक सावरून घेते हे नक्की. पण त्या वर्गातला वेगही तसाच असतो, आणि पुढची पोरं (पन्नाशीतली असतात, मी आपलं पोरं म्हणतो) १९८१च्या मायको ४९० घेऊन आलेली असतात. ती मायको म्हणजे वळणात रुळावरून चालल्यासारखी, तिच्या हँडलिंगचं कौतुक आजही ओसरलेलं नाही. कंपनी १९८३ला दिवाळखोरीत गेली तरी गाडीचा भाव उतरला नाही. पण तुमची आरएक्स ११ हॉर्सपॉवरची. तिच्यावरून उतरून थेट ४९० सीसी टू-स्ट्रोकवर बसलात तर पहिल्या दोन लॅपमध्येच हात भरून येतील आणि उरलेली शर्यत तुम्ही फक्त हँडल धरून राहाल. सीझेड २५० तुमच्या आरएक्सच्या अडीच-तीन पट ताकदीची आहे, तेवढं पुरे. जाता जाता: कोणी स्वस्तात सुझुकी टीएम ४००, म्हणजे सायक्लोन, दाखवली तर चहा पिऊन परत या. तिची ताकद अचानक येते आणि कधी येईल ते तिलाच ठाऊक.

प्री-६५चा मोह कॉव्हेंट्रीत बसून होणारच. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता, बीएसए बर्मिंगहॅममधल्या स्मॉल हीथची. जेफ स्मिथने बीएसएवर १९६४ आणि १९६५ला ५०० सीसीचं जगज्जेतेपद घेतलं, आणि त्याच घराण्यातली ४४१ सीसी व्हिक्टर आजही त्या मैदानांवर दिसते. आवाज ऐकूनच माणूस पाकीट काढतो. पण या वर्गात पुढे असणाऱ्या पुष्कळ गाड्यांमध्ये जुनं फारसं काही उरलेलं नसतं. फ्रेम नवी, इंजिनात आतलं सगळं नवं, आणि खर्च त्याच मानाने. शिवाय गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या, आपल्या जुन्या बुलेटसारखं. तुमचे पाय आरएक्सला सरावलेले आहेत. घाईच्या वळणात डावा पाय गिअर म्हणून ब्रेकच दाबणार.

आता सीझेडच का. जोएल रोबेर १९६४, ६८ आणि ६९ला सीझेडवर २५०चा जगज्जेता, पाउल फ्रीड्रिश्स १९६६ ते ६८ सलग तीनदा ५००चा. पण इतिहास शर्यत जिंकून देत नाही. कारण साधं आहे: गाडी दणकट, खोलायला सोपी, आणि पिस्टन, क्रँकचे भाग, क्लचप्लेटा, रबरं, केबल असं सगळं आजही युरोपात मिळतं. दोघांत एक गाडी म्हणजे एका दिवसात ती दुप्पट पळणार. शनिवारी मोडलं ते पुढच्या शनिवारच्या आत उभं राहायला हवं. दुर्मिळ गाडी घेऊन अर्धा उन्हाळा पार्सलची वाट पाहण्यात गेला तर तुमचं तिकीट वाया.

दुसरं, सीझेड आणि जावा ही भावंडंच, आणि जावाची आपली शाखा म्हैसूरची होती, येझदी तिथलीच. ज्याने येझदी खोललीय त्याला सीझेड परकी वाटत नाही. किक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. पाचोऱ्यात कुणाकडे येझदी असेल तर दोन-चार दिवस मागून घ्या आणि इंजिन बंद पडल्यावर उतारावर, उभ्या गर्दीत तो दांडा फिरवून पाहा. शर्यतीत पडल्यावर हेच करायचं असतं आणि तेव्हा हात थरथरत असतात.

हस्कवर्ना अंगाने हलकी, वळायला चपळ. टॉर्स्टन हॉलमनने चार जगज्जेतेपदं त्याच कंपनीच्या गाड्यांवर घेतली. फक्त जुन्या हस्कवर्नाच्या मॅग्नेशियमच्या केसिंगवर पांढरी भुकटी धरलेली दिसली तर नखाने खरवडून बघा. खड्डा पडत असेल तर सोडा. होंडाची १९७३ची एल्सिनोर, सीआर२५०एम, हाही वाईट पर्याय नाही. गॅरी जोन्सने त्याच वर्षी अमेरिकेची २५०ची राष्ट्रीय स्पर्धा होंडावर जिंकली होती. इंजिन गोड आहे, मूळचे शॉकअप मात्र टाकाऊ, ते बदलायचे पैसे आधीच धरून चाला.

सीझेड बघताना एक सापळा. १९७४च्या सुमारास आणि नंतर कंपनीने शॉकअप पुढे झुकवून चाल वाढवली. पुष्कळ मालकांनी जुन्या फ्रेमवरही वेल्डिंग करून तेच केलं. अशी गाडी चालते छान, पण तपासणीला पट्टी लावली की चार इंचांच्या पुढे जाते आणि तुम्हाला वरच्या वर्गात ढकलतात. तिथे तुम्ही हरणारच. म्हणून मागचे शॉकअप कुठे बसलेत याचा फोटो आधी मागवा, टाकीचा रंग नंतर.

इंजिनात दोन गोष्टी भावाने स्वतः पाहाव्यात. हेड आणि सिलिंडर काढू देत असतील तर उत्तम: कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवायचा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली टक्क असा ठोका लागला तर क्रँक गेला. आपल्याकडे एमआयडीसीत लेथवाला उभ्या उभ्या पिन बदलून क्रँक सरळ करून देतो, तिथे त्याच कामाची मजुरी ऐकून घाम फुटतो. खोलू देत नसतील तर गाडी गरम करून आइडलला ठेवायची, एकदा रेस देऊन थ्रॉटल सोडायचा आणि कान द्यायचा. आवाज लगेच खाली यायला हवा. वरच लटकत राहिला तर मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं क्रँकसील हवा ओढतंय, आणि असं इंजिन पिस्टन जाळतं. धूर पांढरा, दाट आणि थांबतच नाही असं दिसलं तर दुसऱ्या बाजूचं सील गेलं, गिअरबॉक्सचं ऑइल आत चाललंय. सील स्वस्त असतं, ते न बदलता चालवलेल्या इंजिनाची दुरुस्ती स्वस्त नसते. फ्रेमला स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटपाशी, फुटरेस्टच्या जोडांपाशी आणि हँडलच्या नळीखाली बोट फिरवा. ताजा रंग फक्त तिथेच असेल तर खाली वेल्डिंग आहे.

घेतल्यावर पैसे कुठे घालायचे? इंजिनाची ताकद वाढवण्यात नाही. मूळचा यीकोव्ह कार्बोरेटर काढून मिकुनी बसवा, पॉइंट असतील तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन करा, म्हणजे गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होईल. बाकी सगळे पैसे मागच्या शॉकअपवर आणि तुमच्या वजनाला बसतील अशा स्प्रिंगांवर. मागची चाल शंभरेक मिलिमीटर असताना तुम्ही बसल्यावर ती पंचवीस-तीस मिलिमीटर दबली पाहिजे. जास्त दबली तर प्रत्येक खड्ड्यात गाडी बूड टेकवेल. दोघांच्या वजनात दहा-बारा किलोंहून जास्त फरक असेल तर स्प्रिंगांच्या दोन जोड्या ठेवा, मध्यममार्ग काढलात तर दोघांनाही त्रास.

ऑइलची सवय बदलावी लागेल. आरएक्सला ऑइलचा पंप आहे, सीझेडला नाही, पेट्रोलमध्येच मिसळायचं. चांगलं सिंथेटिक ऑइल असेल तर ३२ला १ हे प्रमाण सुरक्षित. जेटचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचं, गणितही उलटं फिरतं. मे महिन्यात जळगावला पारा चव्वेचाळीसवर असताना हवा विरळ असते, त्या हवेला बसणारं मेन जेट इंग्लंडच्या पंधरा-वीस डिग्रीत छोटं पडतं आणि इंजिन पेट्रोल कमी पडून कोरडं चालतं आणि गरम होतं. तिथे सुरुवातीला एक-दोन साइझ मोठं जेट लावा, प्लग काढून पाहा, तपकिरी दिसेपर्यंत हळूहळू कमी करा. पांढरा दिसला तर लगेच थांबा.

सराव इथेच करा, त्यासाठी सीझेड लागत नाही. चार इंचांच्या गाडीवर सगळा शॉकअप म्हणजे तुमचे गुडघे, त्यामुळे पूर्ण वेळ फुटरेस्टवर उभं राहून चालवायची सवय हवी. गिरणेच्या पात्रात उन्हाळ्यात वाळू मोकळी असते, तिथे उभ्याने, थ्रॉटल न सोडता, वजन मागे टाकून आरएक्स काढा. श्रॉपशरमधलं हॉकस्टोन पार्कचं मैदान वाळूचं आहे आणि त्याची चढण बघून पोटात गोळा येतो, तिथे हीच सवय कामाला येईल. पहिला पाऊस पडला की काळ्या रानातही एकदा उतरा. चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती गच्च भरून चाक फिरायचं थांबतं. ओल्या दिवशी तिकडचा चिखलही हेच करतो, म्हणून पुढचं मडगार्ड उंच बसवलेलं असावं.

कागदपत्रांचं झटपट: शर्यतीचं लायसन्स क्लब ज्या संस्थेला जोडलेला असेल तिचं लागतं, एसीयू किंवा एएमसीए. भावाने क्लबातच विचारावं. आणि प्रवासविम्याची अट वाचा, बहुतेक पॉलिसी मोटारस्पर्धेतली दुखापत धरत नाहीत. गाडी भारतात आणायचा विचार मात्र करू नका, निघताना तिथेच विका. नीट ठेवलेल्या सीझेडला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

भावाला सांगा, पैसे देण्याआधी फ्रेम नंबर, इंजिन नंबर आणि मागच्या शॉकअपचे दोन्ही बाजूंचे फोटो क्लबाच्या तपासनिसाला पाठवून ‘ही प्री-७४ला चालेल का’ हे लेखी विचारून घे. तुम्ही दोघांची वजनं खाली कमेंटमध्ये टाका, कोणत्या स्प्रिंगपासून सुरुवात करायची ते मी सांगतो.